गिअरबॉक्स उघडण्याआधी

सकाळी गाडी बाहेर काढायची म्हणून लिव्हर ‘आर’मध्ये टाकावा, तर दोन सेकंद काहीच होत नाही. मग धप्प आवाज येतो आणि गाडी मागे सरकते. सिग्नलवरून निघताना इंजिन रेस घेतं, काटा तीन हजारांवर जातो, गाडी मात्र रेंगाळते. साठ-पासष्टच्या वेगात सगळ्या गाडीला बारीक थरथर सुटते, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. दहा-पंधरा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांना यातलं एखादं तरी लक्षण ओळखीचं असेल. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारं उत्तरही ओळखीचं असेल : “साहेब, गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल.”

हे उत्तर खरंही असू शकतं. पण ते फार लवकर दिलं जातं, आणि मालकही ते फार लवकर मान्य करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही आपल्याकडे अजूनही बंद पेटी आहे. साध्या गिअरबॉक्सचा क्लच गेला तर तो वासावरून आणि पायाखालून मालकाला कळतो. इथे पेडलच नाही, त्यामुळे जाणीवही नाही. म्हणून या दुखण्यांची तपासणी कशी व्हावी, कोणत्या क्रमाने व्हावी, आणि जाणकारांचे मतभेद कुठे आहेत, याचा एकदा नीट आढावा घ्यायला हवा.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी लागते : गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे? क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच आपण धरून चालतो. पण त्या एका शब्दाखाली निदान चार वेगळी यंत्रं येतात. जुना, मुरलेला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. दुसरा सीव्हीटी, ज्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींच्या मधून पोलादी पट्टा फिरतो आणि पुली रुंद-अरुंद होत राहतात. तिसरा एएमटी, म्हणजे खरं तर साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र. आपल्याकडे तो २०१४ साली मारुतीच्या सेलेरियोतून सर्वसामान्यांच्या हाती आला. चौथा ड्युअल क्लचचा, फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांतून डीएसजी या नावाने माहीत झालेला.

गाडीच्या नावावरून हे ओळखता येत नाही. होंडा सिटीचंच पाहा. २००३ साली आलेल्या पिढीच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी होती, तीही टॉर्क कन्व्हर्टरशिवाय, तेलात बुडालेल्या ‘स्टार्ट क्लच’वर चालणारी. २००८ च्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. २०१४ ला पुन्हा सीव्हीटी, पण या वेळी टॉर्क कन्व्हर्टरसह. नाव एकच, यंत्रं तीन, आणि तिन्हींची तेलंही तीन. एकीचं तेल दुसरीत पडलं की नसलेला बिघाड तयार होतो. म्हणून ‘सिटी ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर तेल आणायला जाणारा मेकॅनिक पहिल्याच पायरीवर चुकतो. गाडीचं साल विचारायलाच हवं, आणि शक्य असेल तर गिअरबॉक्सवर ठोकलेला कोडही वाचायला हवा.

या लेखात मी जास्त जागा टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला देणार आहे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत तो मोठ्या संख्येने आहे, आणि निदानाचं सगळं तर्कशास्त्र त्याच्यावरच उभं राहिलेलं आहे. जर्मनीतल्या हर्मान फोटिंगर यांनी १९०५ साली ही कल्पना पेटंट केली, ती जहाजांसाठी. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकला गेला. त्यात साधं द्रव-कपलिंग होतं. टॉर्क कन्व्हर्टर मोटारींत पुढच्या दशकात रुळला. गाभा अजून तोच आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवले, एक चालू केला, की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, आणि मधे तेलाला योग्य वळण देणारा तिसरा पंखा. गाडीने वेग घेतला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, म्हणजे तेलात ताकद वाया जात नाही. त्याच्या मागे दातेरी चक्रांचे संच, त्यांना धरणारे-सोडणारे क्लच, आणि कोणत्या क्लचला कधी तेलाचा दाब द्यायचा ते ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी. व्हॉल्व्ह बॉडीला हुकूम देतात विजेवर चालणारे सोलेनॉइड, आणि सोलेनॉइडना हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर.

म्हणजे गिअर टाकताना झटका बसला, तर दोष या साखळीत कुठेही असू शकतो : चक्रात, क्लचमध्ये, तेलात, व्हॉल्व्हमध्ये, सोलेनॉइडमध्ये, वायरमध्ये, सेन्सरमध्ये. किंवा गिअरबॉक्सच्या पूर्णपणे बाहेर. या शेवटच्या शक्यतेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती दहा वर्षांत चिरतात, बसतात. मग ‘डी’ किंवा ‘आर’ टाकला की इंजिन उडी मारतं आणि गाडीच्या सांगाड्यावर आदळतं. आत बसलेल्याला तो झटका गिअरबॉक्सचाच वाटतो. तपासणी पाच मिनिटांची आहे. बॉनेट उघडायचं, हँडब्रेक ओढायचा, एकाने ब्रेक पक्का दाबून लिव्हर ‘आर’, ‘एन’, ‘डी’ असा फिरवायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनाकडे पाहायचं. गाडीसमोर उभं राहायचं नाही, हे मुद्दाम सांगतो. इंजिन जागेवरून दोन-तीन बोटं उसळलं तर आधी माउंटिंग बदला.

इंजिनाचं आयडल जास्त असेल, थ्रॉटल बॉडीत काजळी असेल, तर ‘डी’ टाकताना धक्का वाढतो. बॅटरी अशक्त असेल किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर सोलेनॉइडना पुरेशी वीज मिळत नाही आणि गिअर वेडेवाकडे पडतात. पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या मापाचे टायर असतील तर कॉम्प्युटरला वेगाचे आकडे जुळत नाहीत. लिव्हर ‘पी’मधून निघतच नसेल, तर मागे जाऊन ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहा. ब्रेकखालचा स्विच गेला की कॉम्प्युटरला ब्रेक दाबल्याचं कळत नाही आणि तो लिव्हर सोडत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटी खाच असते. तिच्यात किल्ली दाबून लिव्हर सोडवता येतो आणि गाडी गॅरेजपर्यंत जाते. स्पीडोमीटरचा काटा मधेच शून्यावर पडतो आणि त्याच वेळी गिअर आदळतात, अशी जोडी दिसली तर वेगाच्या सेन्सरवर संशय घ्या. तो सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर, एका बोल्टवर बसलेला असतो. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांचा कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो आणि थोडे दिवस गिअर धक्क्याने पडतात. तो बिघाड नव्हे. यातल्या प्रत्येक गोष्टीचा खर्च ओव्हरहॉलच्या तुलनेत किरकोळ आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होऊ द्यायची नसेल, तर या गोष्टी आधी तपासायला हव्यात.

मग येतं तेल. ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, हे नुसतं वंगण नाही. तेच ताकद पोचवतं, तेच क्लच दाबतं, तेच उष्णता बाहेर नेतं. त्यामुळे तेलाची पातळी एका लिटरने कमी झाली तरी पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरायला लागतो. जास्त भरलं तरी फिरणारी चक्रं त्याला फेस आणतात, आणि परिणाम तोच. पातळी मोजायची रीत मात्र गाडीगणिक वेगळी आहे. टोयोटाच्या डिपस्टिकवाल्या गाड्यांत गाडी गरम करून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून ‘पी’मध्ये आणून, इंजिन चालू असतानाच काडी काढायची. होंडामध्ये गरम इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहायचं. होंडाच्या पद्धतीने टोयोटा मोजली तर तेल जास्त दिसेल, आणि कोणी तरी बिचारं कमी करून टाकेल. बऱ्याच नव्या गाड्यांना काडीच नसते. ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून, तेल बारीक धारेने ठिबकू लागलं की पातळी बरोबर.

काडीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवा. नवं एटीएफ लाल असतं. वापराने ते तपकिरी होतं, नुसत्या रंगाने घाबरायचं कारण नाही. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच जळलेला आहे. गुलाबी, दुधाळ, मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरच्या आतला तेलाचा कुलर फुटून कुलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेला आहे, आणि गाडी त्या क्षणापासून सुरूही करायची नाही. सीव्हीटीचं तेल मुळात लाल असेलच असं नाही, तिथे रंगाचे हे नियम लावू नयेत.

आता ज्याला मी निदानाचा कणा मानतो त्याकडे येतो. ऑटोमॅटिकच्या आत चार-पाच क्लच आणि ब्रेक असतात. प्रत्येक गिअरला त्यांच्यातले ठरावीक दोन-तीन धरलेले असतात. याचा तक्ता प्रत्येक गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये असतो. कोणत्या गिअरला गाडी घसरते आणि कोणत्या गिअरला पकडते हे कळलं, की तक्ता समोर ठेवून दोषी क्लच नावानिशी सांगता येतो, गिअरबॉक्स न उघडता.

क्रायस्लरचा १९५६ चा टॉर्कफ्लाइट हा तीन गिअरचा गिअरबॉक्स आजही शिकवण्यासाठी वापरला जातो, कारण त्याचा तक्ता सरळ आहे. मागचा क्लच पुढे जाणाऱ्या तिन्ही गिअरना लागतो. पुढचा क्लच लागतो तिसऱ्याला आणि रिव्हर्सला. दुसऱ्या गिअरला एक पट्टा ड्रम आवळून धरतो. दुसरा पट्टा रिव्हर्सला आणि हाताने टाकलेल्या पहिल्याला. ‘डी’मधल्या पहिल्याला मात्र एकाच बाजूला फिरू देणारा वन-वे क्लच. आता उलटं वाचा. पुढे जाताना सगळेच गिअर घसरतात, रिव्हर्स ठणठणीत : मागचा क्लच. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात : पुढचा क्लच, कारण दोघांत तोच सामाईक आहे. ‘डी’मध्ये सुरुवातीला गाडी उठत नाही, पण लिव्हर ‘१’वर आणला की उठते : वन-वे क्लच, कारण ‘१’मध्ये पट्टाही मदतीला येतो. फक्त दुसरा गायब आहे : त्याचा पट्टा. तुमच्या गाडीचा तक्ता वेगळा असेल, रीत हीच राहील. एखाद्या मेकॅनिकने “गिअरबॉक्स गेला” म्हटलं, तर त्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : कोणत्या गिअरला?

आणि सगळ्याच गिअरना सारखंच घसरत असेल, तर एकाच वेळी सगळे क्लच जळण्याची शक्यता कमी. तेल, पंप, तुंबलेला फिल्टर किंवा एकूण दाब यांच्याकडे वळावं.

थरथरीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या घरची आहे. २०१२ सालची चार गिअरची ऑटोमॅटिक. ६० ते ७० च्या वेगात, हलक्या रेसवर थरथरायची. एका गॅरेजने एका ट्रायलमध्ये निदान केलं की टॉर्क कन्व्हर्टर गेलाय, गिअरबॉक्स उतरवायचा, खर्च ऐंशी हजारांच्या घरात. लक्षण तसं पुस्तकातलंच होतं. लॉकअप क्लच झिजला किंवा तेल जुनं झालं की नेमक्या याच वेगात अशी थरथर येते. तिची एक सोपी चाचणी आहे. थरथर सुरू असताना उजवा पाय एक्सलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. ब्रेकचा दिवा लागण्याइतपतच. कॉम्प्युटर लगेच लॉकअप सोडतो, आरपीएम किंचित चढतो. थरथर थांबली तर बोट लॉकअपकडे जातं.

आमच्या गाडीची थरथर कमी झाली. गॅरेजचा मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटला. पण या चाचणीत एक फट आहे. लॉकअप सुटला की इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये पुन्हा तेल येतं, आणि इंजिनाचा बारीक अडखळाही त्या तेलात मुरतो. म्हणजे मिसफायर असला तरी तो कमीच जाणवणार. हे लक्षात आलं ते साताऱ्याकडे जाताना, खंबाटकीच्या चढाला. लिव्हर ‘२’वर होता. त्या गाडीत दुसऱ्या गिअरला लॉकअप लागतच नाही. तरीही भरपूर रेस दिल्यावर तोच अडखळ, या वेळी जरा मोठा. ज्या वेळी लॉकअप कामावरच नाही त्या वेळी त्याला दोष कसा देणार? दुसऱ्या दिवशी एका वयस्कर मेकॅनिककाकांनी स्कॅनर लावून मिसफायरचे आकडे पाहिले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा चढत होता. त्यांनी तिसरी आणि पहिली कॉईल आपसांत बदलली, आणि पुन्हा चढाला नेलं. आता आकडा पहिल्या सिलिंडरचा चढू लागला. कॉईलबरोबर दोष सरकला होता. एक कॉईल, चार प्लग, आणि काम संपलं. गाडी त्यानंतर चाळीस हजार किलोमीटर चालली आहे, त्याच कन्व्हर्टरवर.

काकांनी कॉईल बदलून पाहिली, हे मला स्कॅनरपेक्षा मोलाचं वाटतं. संशयिताची जागा बदलायची आणि दोष त्याच्याबरोबर जातो का पाहायचं.

स्कॅनरबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. जुने फिटर त्याला हात लावत नाहीत, नवे त्याच्याशिवाय बोलत नाहीत. भारतात गाड्यांना ओबीडीची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाड स्वतः नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती झाली ती बीएस-४ बरोबर, २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही कॉम्प्युटर बोलतो, पण दिव्याच्या उघडझापीतून : होंडाचा ‘डी’चा दिवा लुकलुकतो, टोयोटाचा ‘ओ/डी ऑफ’. हा दिवा लुकलुकताना मोबाईलवर चित्रित करून ठेवा, गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तो बंद होतो. स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडमध्ये पी०७०० दिसला तर त्याने काहीच सांगितलेलं नसतं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे, तिथे जाऊन बघा, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड त्याच्या मागे असतो. पी०७१५ आणि पी०७२० हे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वेगाच्या सेन्सरचे. पी०७४० पासूनचे लॉकअपचे. पी०७५० पासूनचे शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०७३० म्हणजे मागितला तो गिअर मिळाला नाही, म्हणजे बहुतेक घसरण.

कोड हा निकाल नाही, आरोप आहे. सोलेनॉइडचा कोड आला म्हणून सोलेनॉइड बदलू नये. आधी मीटर लावावा. टोयोटाच्या जुन्या साध्या सोलेनॉइडचा रोध साधारण ११ ते १५ ओहम असतो. तो बरोबर आला तर वायर तपासायची, कारण गिअरबॉक्सजवळच्या सॉकेटमध्ये पाणी, गंज, उंदराने कुरतडलेली वायर हे आपल्या हवेत नेहमीचे गुन्हेगार आहेत. आणि रोध बरोबर असूनही सोलेनॉइड गाळाने अडकलेला असू शकतो, हे मीटर सांगणार नाही. गाडी अचानक तिसऱ्याच गिअरला अडकून बसली, बंद करून सुरू केल्यावर पुन्हा नीट चालली, तर कॉम्प्युटरने स्वतःहून गिअरबॉक्स वाचवायला तसं केलेलं असतं. अशा वेळी हळू घरी यावं. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून दामटू नये.

हे सगळं झाल्यावरही शंका उरली तर दाबाच्या चाचण्या. पहिली, उशिराची : ब्रेक दाबून, आयडलवर, ‘एन’मधून ‘डी’ टाकायचा आणि धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजायचा. टोयोटाच्या मॅन्युअलप्रमाणे ‘डी’ला १.२ सेकंदांच्या आत, ‘आर’ला १.५ सेकंदांच्या आत. कोणीही मोबाईलच्या घड्याळावर करू शकतो, आणि दर सहा महिन्यांनी आकडा वहीत लिहून ठेवला तर गिअरबॉक्सची तब्येत उतरतेय का ते मालकालाच कळतं. दुसरी, स्टॉल चाचणी : सर्व चाकांना अडसर, हँडब्रेक, ब्रेक पक्का दाबून ‘डी’मध्ये पूर्ण रेस आणि आरपीएम कुठे थांबतो ते पाहायचं. जास्त वर गेला तर क्लच घसरतोय. खूप खाली, सहाएकशेने खाली राहिला तर कन्व्हर्टरमधल्या मधल्या पंख्याचा वन-वे क्लच गेलाय, किंवा इंजिनच अशक्त आहे. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नाही, कारण त्या वेळात सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. माझं मत असं की मालकाने ती करूच नये. अरुंद गल्लीतल्या गॅरेजसमोर तर कोणीच करू नये. गेज लावून तेलाचा दाब मोजणं त्यापेक्षा सुरक्षित आणि जास्त बोलकं. पण ते गेज फार थोड्या गॅरेजमध्ये असतं.

गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उघडला की त्यातला चुंबक पाहायचा. त्याच्यावर करडा, बोटाने पुसला जाणारा मऊ लेप असेल तर ती वयाची झीज. चमकणारे तुकडे, सुईसारख्या कपच्या असतील तर चक्र किंवा बेअरिंग. काळा भुगा भरपूर असेल तर क्लचचं अस्तर. चेंबरचा फोटो मागून घ्या; जो मेकॅनिक आनंदाने दाखवतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो.

इथे सगळ्यात जुना वाद येतो : दीड लाख किलोमीटर एकदाही न बदललेलं तेल आता बदलावं का? एक पक्ष म्हणतो, हात लावू नका. नव्या तेलाने साचलेला गाळ सुटतो आणि उरलीसुरली पकड जाते. दुसरा म्हणतो, ताबडतोब बदला. अनेक कंपन्यांनी ‘आयुष्यभराचं तेल’ असं सांगून गोंधळ वाढवला आहे. उष्णतेने तेल म्हातारं होतंच, आणि कंपनीच्या मनातलं आयुष्य आपल्या मनातल्याइतकं लांब असेलच असं नाही. बदलल्यावर गिअरबॉक्स ‘गेल्याच्या’ ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्या घसरायला लागल्यावरच तेल बदलायला आलेल्या असतात. जळलेल्या क्लचला नवं तेल अस्तर लावून देत नाही. माझा निर्णय सांगतो. गाडी घसरत नसेल, तेल फक्त जुनं असेल, तर बदला, पण मशीन लावून जोराने फ्लश नको. नट उघडून जितकं निघेल तितकं काढायचं, तितकंच मोजून योग्य तेल भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच उरतं. दर वेळी ४० टक्के बदललं तर तीन वेळांत साधारण ७८ टक्के तेल नवं होतं. मधे पाचशे-हजार किलोमीटर चालवायचं. तेल करपलेलं असेल आणि गाडी घसरत असेल, तर तेलावर पैसे घालू नका, ते ओव्हरहॉलसाठी ठेवा.

बाकी तीन प्रकारांची दुखणी वेगळी आहेत. २००३ च्या पिढीच्या सिटीत निघताना जी हिसके देणारी थरथर येते ती स्टार्ट क्लचची. योग्य तेल आणि क्लचला पुन्हा जागा शिकवण्याची प्रक्रिया यांनी ती बऱ्याचदा जाते, चुकून साधं एटीएफ पडलं तर वाढते. सीव्हीटीत वेगाबरोबर चढणारी रडकी शिट्टी आली तर पट्टा, पुली, बेअरिंग. तिथे चालढकल करू नये. एएमटीत चढाला गाडी मागे येणं, निघताना थरथरणं, गिअर न मिळता ‘एन’ लुकलुकणं ही बहुतांशी झिजलेल्या क्लच प्लेटची किंवा ॲक्च्युएटरची लक्षणं आहेत. तिथे आतली चक्रं साधीच असतात, त्यामुळे ऑटोमॅटिकच्या नावाखाली मोठं बिल आलं तर प्रश्न विचारा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीचा इतिहास जाहीर आहे : २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांचं सिंथेटिक गिअर तेल बदलून खनिज तेल घालायला घेतलं, कारण उष्ण आणि दमट हवेत, थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत विजेचे बिघाड होत होते. हे वर्णन मुंबईचंच आहे. अशी जुनी गाडी घेताना हे काम झाल्याची नोंद मागा.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. ऑटोमॅटिकला हवा घ्यायला वर एक छोटी नळी असते. पाणी तिथून आत जातं. क्लचचं अस्तर कागदासारख्या द्रव्याचं, पोलादाला चिकटवलेलं असतं, आणि पाण्याने ते सुटतं. बुडालेली गाडी इंजिन सुरू करून ‘बघायची’ नाही. आधी तेल काढायचं. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतली चक्रं कोरडी फिरतात. अनेक गिअरबॉक्स रस्त्यावर न मरता गॅरेजपर्यंतच्या ओढण्यात मरतात.

गिअरबॉक्स खरोखरच उघडायचा ठरला, तर दोन वाटा : ओव्हरहॉल किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून काढलेला जुना. जुना घेताना कोड अक्षरशः जुळला पाहिजे. दिसायला सारखा, पण आतल्या दातांचं प्रमाण वेगळं, असं होतं. कोणतीही वाट घ्या, तेलाचा कुलर आणि त्याच्या नळ्या धुवून घ्या, नाहीतर पहिल्याचा चुरा दुसऱ्याच्या पोटात जाईल.

गॅरेजमध्ये जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहा : गाडीचं साल आणि किलोमीटर, त्रास गार असताना की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला, सपाटीवर की चढाला, तेल शेवटी कधी आणि कोणतं घातलं, त्रास सुरू होण्याआधीच्या महिन्यात गाडीला काय काय झालं. मग मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता, तोच वेग, तोच त्रास दाखवा. ट्रायल न मारता जो गिअरबॉक्स उतरवायला सांगेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.